डेट्रॉइटची भूमिगत तबकडी : काळ्यांचे यंत्रसंगीत आणि मालकीचा प्रश्न

अमेरिकेतील काळ्या माणसाशी आपले नाते जुने आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि निग्रोंना दास्यातून सोडविणाऱ्या तेथील सज्जनांना ती अर्पण केली. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघापुढे निग्रोंनी मांडलेल्या गाऱ्हाण्याची माहिती मागविली. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती ओकलंडच्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. पुढे आपल्या नियतकालिकांतून काळ्यांची कविता, कादंबरी आणि आत्मचरित्र यांची पुष्कळ चर्चा झाली. संगीताची चर्चा मात्र ब्लूज आणि जाझ या दोन शब्दांपाशी येऊन थांबली; फार तर रॅपचा उल्लेख झाला.

१९८० नंतर त्याच समाजातून आणखी एक संगीत निघाले. त्यात बहुधा शब्द नसतात. ते गळ्यावर वा तंतुवाद्यावर उभे नसून यंत्रांवर रचलेले असते. त्याला टेक्नो म्हणतात. आज जगभर हे संगीत युरोपातील गोऱ्या तरुणांचे म्हणून ओळखले जाते. मार्च २०२४ मध्ये जर्मनीने बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीची आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत नोंद केली. बर्लिनने हे संगीत वाढविले, तेव्हा त्याचा मान त्या शहराला मिळण्यास हरकत नाही. परंतु ज्या शहरात ते जन्मले आणि ज्या माणसांनी ते जन्माला घातले, त्यांची नावे किती जणांना ठाऊक आहेत, हा प्रश्न उरतोच. निर्मिती एकाची आणि नोंद दुसऱ्याची, हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. म्हणून डेट्रॉइट शहरातील 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स', म्हणजे भूमिगत प्रतिकार, या नावाच्या ध्वनिमुद्रिका संस्थेचा परिचय येथे करून देण्याचे योजिले आहे. पुढे सोयीसाठी तिला 'यूआर' असे म्हटले आहे. तिच्या तबकड्यांवरही हीच दोन अक्षरे असतात.

१

डेट्रॉइट हे मोटारींचे शहर. हेन्री फोर्डने १९१३ साली हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर मोटारी जोडण्याची पद्धत सुरू केली आणि १९१४ साली दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली. दक्षिणेकडील कापसाच्या शेतांतून आणि तेथील जमावाच्या हत्याकांडांतून सुटून लाखो काळी माणसे उत्तरेकडील शहरांत आली. त्यांतील फार मोठा लोंढा डेट्रॉइटला आला. काम मिळाले. पण ते बहुतांशी भट्टीजवळचे, धुराचे, अंग भाजणारे काम होते. माणूस शहरात आला तरी कामाची उतरंड त्याच्या पाठोपाठ शहरात आली.

राहण्याचेही तेच. घराच्या खरेदीखतातच 'हे घर काळ्यास विकू नये' अशी अट घातलेली असे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली अशा अटींची अंमलबजावणी न्यायालयाने करू नये असा निर्णय दिला, तेव्हा त्यापुढील प्रकरणांत एक प्रकरण डेट्रॉइटचे होते. काळ्यांना जी मोजकी वस्ती मोकळी होती तिचे नाव ब्लॅक बॉटम. दुकाने, दवाखाने, प्रार्थनागृहे आणि गाण्याच्या जागा यांनी गजबजलेली ही वस्ती महामार्ग आणि नगरसुधारणा यांच्या नावाखाली १९५० नंतर पाडण्यात आली. गावकुसाबाहेर ठेवणे आणि वस्ती उठविणे या दोन गोष्टी आपल्याकडे वेगवेगळ्या काळात घडल्या असतील. डेट्रॉइटच्या काळ्याने त्या एकाच आयुष्यात पाहिल्या.

जुलै १९६७ मध्ये पोलिसांनी बाराव्या रस्त्यावरील एका विनापरवाना मद्यगृहावर छापा घातला आणि शहर पेटले. पाच दिवसांत ४३ माणसे मेली. त्यांतील ३३ काळी होती. ७ हजारांवर लोकांना अटक झाली. पुढच्याच वर्षी, १९६८ साली, डॉज मोटारींच्या कारखान्यातील काळ्या कामगारांनी मालक आणि गोऱ्यांच्या हाती असलेली कामगार संघटना या दोघांविरुद्ध आपली स्वतंत्र क्रांतिकारी संघटना काढली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचा उच्चार 'ड्रम' असा होतो.

त्यानंतर कारखाने एकामागून एक बंद पडत गेले किंवा बाहेर गेले. जे उरले त्यांत माणसाच्या जागी यंत्रमानव आले. गोरी वस्ती उपनगरांत निघून गेली. १९५० साली साडेअठरा लाख लोकसंख्या असलेल्या या शहरात २०२०च्या शिरगणतीत सुमारे ६ लाख ३९ हजार माणसे उरली होती. मध्यंतरी २०१३ साली नगरपालिकेने दिवाळे जाहीर केले.

संगीतातही हेच घडले. मोटार कारखान्याच्या पट्ट्यावर काम केलेल्या बेरी गॉर्डी या काळ्या तरुणाने १९५९ साली घरच्यांकडून ८०० डॉलर कर्जाऊ घेऊन मोटाउन ही ध्वनिमुद्रिका कंपनी काढली. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरच्या एका साध्या घरातून तिने जगाला वेड लावणारी गाणी दिली. परंतु १९७२ साली कंपनी लॉस एंजेलिसला निघून गेली. ज्या शहराने वादक, गायक आणि नाद दिला त्या शहराच्या हाती घर तेवढे राहिले. यूआरची भूमिका कळण्यासाठी ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे.

२

टेक्नो हे नाव ज्या संगीताला मिळाले त्याचा पाया हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन या तिघांनी घातला. डेट्रॉइटजवळच्या बेलव्हिल या गोऱ्या वस्तीच्या गावातील शाळेत ही तीन काळी मुले एकत्र आली. रात्री रेडिओवर 'इलेक्ट्रिफाइंग मोजो' या नावाने कार्यक्रम करणारा काळा निवेदक पार्लमेंट-फंकाडेलिक, प्रिन्स आणि जर्मनीतील क्राफ्टवेर्क यांच्या तबकड्या एकापाठोपाठ एक लावीत असे. आपले कोणते आणि परके कोणते हा भेद त्या कार्यक्रमात नव्हता. टेक्नोच्या घडणीत क्राफ्टवेर्कचा वाटा आहे. तो नाकारण्याचे कारण नाही आणि त्या तिघांनीही तो कधी नाकारला नाही.

अ‍ॅटकिन्सने रिक डेव्हिस या व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सहकाऱ्याबरोबर सायबोट्रॉन या नावाने १९८१ साली पहिली तबकडी काढली. १९८५ साली त्याने मेट्रोप्लेक्स ही स्वतःची संस्था काढली. पाठोपाठ मे आणि सॉन्डरसन यांनीही आपापल्या संस्था काढल्या. १९८८ साली व्हर्जिन या ब्रिटिश कंपनीच्या एका शाखेने या मंडळींच्या रचनांचा संग्रह लंडनमध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा 'टेक्नो' हे नाव जगापुढे आले.

या संगीताची साधने कोणती होती, हे पाहण्यासारखे आहे. जपानच्या रोलँड कंपनीने १९८० साली टीआर-८०८ हे तालयंत्र काढले. तबलजी वा ढोलकीवाला नसतानाही ठेका मिळावा, हा त्याचा मूळ उद्देश. त्याचा आवाज खऱ्या ढोलासारखा नाही म्हणून जाणकारांनी नाके मुरडली. सुमारे १२ हजार नग काढून १९८३ साली त्याचे उत्पादन थांबले. गिटारवाल्याला साथ देणाऱ्या टीबी-३०३ या मंद्रस्वराच्या यंत्राचीही तीच गत झाली. मग ही यंत्रे जुन्या बाजारात आणि गहाणवटीच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागली. ज्यांच्याकडे वाद्यवृंद नव्हता, स्टुडिओचे भाडे नव्हते, अशा डेट्रॉइट आणि शिकागोच्या काळ्या मुलांनी ती उचलली.

यंत्राची रीत साधी आहे. एका आवर्तनाचे सोळा भाग पाडलेले असतात. प्रत्येक भागासाठी एक बटण. ज्या भागावर ठोका हवा ते बटण दाबायचे, की यंत्र तो ठोका पुनःपुन्हा देत राहते. खालचा जड ठोका बहुधा चारही मात्रांवर सारखा पडतो. त्यावर दुसरे यंत्र मंद्रस्वराची साखळी चालविते, तिसरे सुरांचे पट्टे पसरते. वादक त्या चालत्या साखळ्यांतून एखादी काढतो, घालतो, तिचा आवाज घासतो, फुगवितो. कारखान्यातल्या पट्ट्याचीच ही रीत. फरक इतकाच की पट्टा कधी थांबवायचा आणि कधी उलटा फिरवायचा हे येथे कामगार ठरवितो. बापाला ज्या यंत्राने बेकार केले त्याच्याच जातीचे यंत्र मुलाने घरी आणून त्याच्याकडून आपल्या मनासारखे काम करून घेतले, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही.

३

येथवरची कथा युरोपच्या शोधाने संपली असती. लंडनला टेक्नो आवडले, कंपन्या करार घेऊन आल्या आणि काही वर्षांत त्या संगीताच्या जाहिरातीत काळा चेहरा दिसेनासा झाला. या वळणावर, १९८९-९०च्या सुमारास, माइक बँक्स आणि जेफ मिल्स यांनी यूआरची स्थापना केली. बँक्स हा गिटार आणि बेस वाजविणारा, दुसऱ्यांच्या ध्वनिमुद्रणात साथ करून संगीताच्या धंद्याची आतली बाजू पाहिलेला. मिल्स रेडिओवर 'विझर्ड' या नावाने विलक्षण वेगाने तबकड्या मिसळणारा. लौकरच रॉबर्ट हूड त्यांना मिळाला. त्याला 'माहितीमंत्री' असे पद देण्यात आले. हे पदनाम ब्लॅक पँथर पक्षातले आहे, हे सुज्ञ वाचकांच्या ध्यानात येईल.

यूआरने काही नियम स्वतःवर घालून घेतले. मोठ्या कंपनीशी करार करावयाचा नाही. चेहरा विकावयाचा नाही: कार्यक्रमात तोंडाला फडके वा मुखवटा बांधावयाचा. बँक्सने आजवर आपला चेहरा छायाचित्रात दाखविण्याचे टाळले आहे. तबकडीच्या वेष्टनावर कलावंताची छबी नाही. बहुधा काळे कोरे पाकीट आणि मध्ये संस्थेचे चिन्ह. नावे युद्धाची आणि मुक्तीची: १९९१ची 'रायट', १९९५ची 'इलेक्ट्रॉनिक वॉरफेअर'. दुसऱ्या बाजूला 'नेशन टू नेशन', 'वर्ल्ड टू वर्ल्ड' आणि 'गॅलक्सी टू गॅलक्सी' ही १९९१ ते १९९३ या काळातील मालिका. पहिल्या तऱ्हेच्या रचनांत करवतीसारखा कर्कश आवाज आहे, दुसऱ्या तऱ्हेत जाझचे आर्जव आहे. विद्रोह आणि करुणा या दोन्ही सुरांची जोड आपल्या कवितेच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

चेहरा लपविण्याचा अर्थ काय? कंपन्यांच्या बाजारात कलावंताचे रूप आधी विकले जाते आणि त्यामागून संगीत. काळ्या कलावंताच्या बाबतीत ते रूप कोणते असावे हेही बाजारच ठरवितो: हसरा विदूषक किंवा धोकादायक गुंड. चेहराच काढून घेतला की ही दोन्ही साचेबंद रूपे निकामी होतात. ऐकणाऱ्याला ऐकण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही.

परंतु नुसत्या मुखवट्याने स्वातंत्र्य मिळत नाही. त्यासाठी तबकडीचा व्यवहार समजून घेतला पाहिजे. एका रचनेत दोन हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे स्वर आणि ताल यांच्या मांडणीचा. दुसरा मास्टरचा, म्हणजे त्या मांडणीच्या मूळ ध्वनिमुद्रणाचा. मोठी कंपनी आगाऊ रक्कम देते आणि बहुधा मास्टर स्वतःकडे ठेवते. ती आगाऊ रक्कम, स्टुडिओ आणि जाहिरात यांचा खर्च कलावंताच्या वाट्यातून आधी वळता होतो. खेड्यातल्या सावकाराचे खाते ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. मुद्दल फिटेपर्यंत पिढी संपते आणि जमीन सावकाराच्या नावावर राहते.

यूआरने हे चक्र शहरातल्या शहरात तोडले. रचना आपल्या घरच्या यंत्रांवर. तबकडीचा पहिला साचा कोरण्याचे काम रॉन मर्फी हा डेट्रॉइटचाच निष्णात कारागीर करीत असे. तबकड्या दाबून काढण्यासाठी १९६५ पासून चालू असलेला आर्चर हा स्थानिक छोटा कारखाना होता. राहिला प्रश्न वितरणाचा. माल तयार झाला तरी दुकानापर्यंत जाण्याचा रस्ता दुसऱ्याच्या हातात असेल तर मालकी कागदावरच राहते. म्हणून १९९२ साली बँक्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सबमर्ज ही वितरण संस्था उभी केली. तिच्यातून यूआरच्याच नव्हे, तर शहरातील इतर लहान संस्थांच्या तबकड्याही जगभर जाऊ लागल्या. पुढे सबमर्जने ३००० ईस्ट ग्रँड बुलेव्हार्ड येथे आपली इमारत केली आणि तिच्यात टेक्नोचे एक छोटे संग्रहालय, 'एक्झिबिट ३०००', मांडले. मोटाउनचे घर याच रस्त्याच्या पश्चिम अंगाला आहे.

युरोपशी त्यांनी व्यवहार केला, पण आपल्या अटींवर. बर्लिनची भिंत पडल्यावर १९९१ साली ट्रेझर हा नृत्यक्लब एका जुन्या दुकानाच्या तळघरातील तिजोरीत सुरू झाला. ज्यू मालकांचे ते दुकान नाझींनी बळकावले होते. या क्लबने तबकड्या काढण्यास सुरुवात केली तेव्हा पहिली तबकडी यूआरच्या मंडळींची होती. पडक्या कारखान्यांच्या एका शहराने दुसऱ्या दुभंगलेल्या शहराला हात दिला. बर्लिनच्या वारशाच्या नोंदीत डेट्रॉइटचा शब्द आला पाहिजे तो यासाठी.

४

यूआर आणि तिच्या परिवाराने केलेले प्रयोग पाहिल्यावाचून हा परिचय पुरा होणार नाही. १९९२ साली एक्स-१०२ या नावाने त्यांनी शनिग्रहाच्या कड्यांवर एक संग्रह काढला. तबकडीवरच्या खाचांची मांडणीही कड्यांसारखी भासावी अशी योजना केली. म्हणजे ऐकण्याची वस्तू पाहण्याचीही झाली. मिल्स त्याच सुमारास न्यू यॉर्कला गेला आणि अ‍ॅक्सिस ही संस्था काढली. तेथून १९९४ साली निघालेल्या 'सायकल ३०' या तबकडीत मर्फीच्या मदतीने बंद खाचा कोरल्या आहेत. साधी खाच गोगलगाईच्या शंखासारखी आत आत जाते. बंद खाच स्वतःलाच येऊन मिळते, आणि सुई कोणी उचलीपर्यंत तेच आवर्तन चालू राहते. मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्यांच्या हिशेबाने एका फेरीस १.८ सेकंद लागतात. तेवढ्यात चार ठोके नेमके बसवावयाचे तर लय मिनिटाला १३३ ठोक्यांच्या आसपास ठेवावी लागते. थोडी चूक झाली की सांधा ठेचकाळतो. अशी कारागिरी करणाऱ्यांच्या संगीताला 'यंत्राचा गोंगाट' म्हणणे हे अज्ञान आहे.

सर्वांत अर्थगर्भ प्रयोग ड्रेक्सिया या जोडीचा. जेम्स स्टिन्सन आणि जेराल्ड डोनाल्ड यांची ही जोडी. १९९३ ते १९९५ या काळात त्यांच्या काही तबकड्या यूआरने काढल्या. १९९७ साली सबमर्जने काढलेल्या 'द क्वेस्ट' या संग्रहासोबतच्या मजकुरात त्यांनी एक कल्पित पुराण मांडले. आफ्रिकेतून गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांवरून आजारी वा अडचणीच्या गरोदर स्त्रिया समुद्रात फेकल्या जात. गर्भातील मूल पाण्यातच वाढते. मग त्या स्त्रियांची मुले पाण्याखाली श्वास घ्यावयास शिकली असतील काय? त्यांचा समुद्रतळाशी वसलेला, शस्त्र आणि शास्त्र जाणणारा समाज म्हणजे ड्रेक्सिया.

या कल्पनेमागे इतिहास आहे. १७८१ साली झाँग या ब्रिटिश जहाजावरून सुमारे १३० गुलाम जिवंत समुद्रात फेकण्यात आले. प्रकरण लंडनच्या न्यायालयात गेले ते खून म्हणून नव्हे, तर विम्याची भरपाई मिळावी की नाही यासाठी. ज्यांना कबर नाही, ज्यांचे नाव कोणत्या वहीत नाही, त्यांना ड्रेक्सियाने वंश दिला, नगर दिले, भविष्य दिले. पुराणे प्रस्थापितांनीच रचावीत असा काही नियम नाही. फुल्यांनी बळीराजाची कथा उलटी वाचली आणि आपल्याला पूर्वज मिळाले. ड्रेक्सियाने बुडविलेल्यांची कथा उलटी वाचली आणि त्यांच्या वंशजांना मिळाले. विशेष असे की हे सारे रचनांच्या नावांतून आणि एका पानभर मजकुरातून उभे राहते. संगीत बहुतांशी निःशब्दच आहे. २०१९ साली रिव्हर्स सॉलोमन यांनी 'द डीप' ही कादंबरी याच कल्पनेच्या परंपरेत लिहिली. स्टिन्सनचे २००२ साली निधन झाले होते.

५

यूआरच्या तत्त्वाची कसोटी १९९९ साली लागली. डेट्रॉइटच्या मेक्सिकन वस्तीतील डीजे रोलँडो याची 'नाइट्स ऑफ द जॅग्वार' ही तबकडी यूआरने काढली. ती युरोपच्या नृत्यगृहांत विलक्षण गाजली. सोनी कंपनीच्या जर्मन शाखेने तिचे हक्क मागितले. यूआरने नकार दिला. तेव्हा सोनीने दुसऱ्याच कलावंतांकडून तीच रचना जवळजवळ सुरावटीबरहुकूम वाजवून घेतली आणि ती बाजारात आणण्याची तयारी केली. वर सांगितलेले दोन हक्क येथे आठवावेत. मूळ मास्टर उचलला असता तर उघड चोरी ठरली असती. रचना नव्याने वाजवून घेतली की कायद्याची फट मिळते. मास्टर डेट्रॉइटकडे, पण कानाला ऐकू येणारी वस्तू सोनीकडे, असा हा डाव.

लहानशा संस्थेकडे वकिलांची फौज नव्हती. होते ते जगभरचे श्रोते. त्यांनी सोनीच्या कार्यालयांकडे निषेधाची इतकी पत्रे धाडली की कंपनीला माघार घ्यावी लागली. मात्र ते रूपांतर पुढे बीएमजी या दुसऱ्या मोठ्या कंपनीने उचलले. म्हणजे विजय पुरा नव्हता. यूआरने 'जॅग्वारचा सूड' अशा अर्थाचे नाव देऊन मूळ रचनेची नवी रूपे स्वतः प्रसिद्ध केली. या प्रकरणातून दोन गोष्टी दिसतात. नकार देता येतो, आणि नकाराला समूहाचे पाठबळ लागते.

यूआरवर काही आक्षेप घेता येतात आणि ते घेतले पाहिजेत. पहिला, हे सैन्य पुरुषांचे आहे. डेट्रॉइटमध्ये केली हँड या काळ्या स्त्रीने १९९० साली स्वतःची संस्था काढली. शहराच्या परिषदेने तिचा गौरव केला तो २०१७ साली, आणि २०२१ साली ती गेली. लढ्याच्या इतिहासात स्त्रीचे नाव उशिरा येणे हा दोष केवळ तिकडचा नाही. दुसरा, या संगीताचा मोठा श्रोतृवर्ग युरोपात आणि जपानात राहिला. डेट्रॉइटच्या वस्तीतील मुले रॅपकडे वळली. मे २००० मध्ये शहराच्या नदीकाठच्या चौकात टेक्नोचा पहिला मोठा उत्सव झाला तेव्हा तो सर्वांना विनामूल्य खुला होता. पुढे त्याला तिकीट लागले. तिसरा आक्षेप आपल्या दृष्टीने महत्त्वाचा: शब्दावाचून विद्रोह कसा होईल? आपली सारी चळवळ शब्दावर उभी आहे. हा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. शब्द नसलेले संगीत सहज उचलून कोणत्याही जाहिरातीमागे लावता येते, हा त्याचा धोका खराच. म्हणूनच यूआरला नाव, वेष्टन, मुखवटा आणि मालकी यांतून भूमिका मांडावी लागली. जे रचनेत म्हणता आले नाही ते व्यवहारात करून दाखविले.

६

या साऱ्याशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. १४ एप्रिलच्या मिरवणुकीकडे पाहावे. भीमगीताखाली आज जो जड, चारही मात्रांवर पडणारा ठोका वाजतो, तो डेट्रॉइट आणि शिकागोच्या काळ्या मुलांनी जगाला दिलेल्या ठोक्याचा दूरचा वारस आहे. माझ्या वर्गातील जी मुले त्यावर नाचतात त्यांना हे ठाऊक नसते. जे वडीलधारे कार्यकर्ते त्याला 'धांगडधिंगा' म्हणतात त्यांनाही नसते. आवाजाची मर्यादा पाळली पाहिजे हे वेगळे. पण हलगी आणि डफडे यांचे ओझे आपल्या पूर्वजांवर गावकीने लादले होते. ते वाजविण्याचे नाकारणे हा स्वाभिमानाच्या लढ्याचा भाग होता. यंत्राच्या ठोक्यामागे असा बलुत्याचा हुकूम नाही. तरुणाला तो मोकळा वाटतो याचे हेही एक कारण असावे.

यंत्राला जात नसली तरी यंत्रावरच्या गाण्याला मालक असतो, आणि प्रश्न येथे सुरू होतो. वामनदादा कर्डकांसारख्या कवीने गाण्याच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव गुंफले. ती केवळ परंपरेची नाममुद्रा नव्हती. ज्याच्याकडे दस्तऐवज नाही, त्याने आपला हक्क गाण्याच्या अंगावरच गोंदवून ठेवला. यूआरने नाव आणि चेहरा लपविला, कारण मास्टर त्यांच्या हाती होता. आपल्या शाहिरांनी नाव ठासून सांगितले, कारण हाती दुसरे काही नव्हते. या दोन उलट रीतींमागे एकच भय आहे.

कॅसेटच्या काळात भीमगीते घराघरांत पोहोचली, हे त्या काळाचे ऋण मान्य केले पाहिजे. पण गीत लिहिणाऱ्याला एकरकमी पैसे देऊन मोकळे करण्याची रीतही त्या बाजारात होती. आज तबकडी आणि कॅसेट दोन्ही मागे पडल्या. गाणे भ्रमणध्वनीवर येते, मिश्रण करणारा मुलगा ते आपल्या यंत्रावर नव्याने बांधतो आणि मूळ कवीचे कडवे वेळेअभावी कापले जाते. कापले जाते ते बहुधा शेवटचेच, म्हणजे नाव असलेले. २०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातील वाटा करार करूनही काढून घेता येऊ नये, अशी तरतूद तिच्यात आहे. त्यासाठी रचनेची नोंद आणि हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचे सभासदत्व लागते. आपल्या किती शाहिरांच्या वारसांनी हे केले आहे? आपल्या महाविद्यालयांतून, विहारांतून आणि जयंती मंडळांतून हे काम करता येण्यासारखे आहे: गाणे कोणाचे, चाल कोणाची, पहिल्यांदा कोणी गायिले, याची यादी करणे, वारसांना अर्ज भरून देणे, मिरवणुकीतल्या मिश्रणात शेवटचे कडवे ठेवावे असा आग्रह धरणे.

डेट्रॉइटच्या मूठभर माणसांनी जुन्या बाजारातील यंत्रे, एक लहान कारखाना आणि एक वितरण संस्था एवढ्या भांडवलावर आपली निर्मिती आपल्या हाती राखली. त्यांच्याजवळ नव्हती ती एक गोष्ट आपल्याजवळ आहे: गाणे तोंडपाठ असलेला, दरवर्षी रस्त्यावर येणारा लाखोंचा समाज. त्या समाजाला आपल्या गाण्याचा हिशेब ठेवावयास शिकविणे, हे शिकलेल्यांचे काम आहे.